डिझेल, फुल

लेक : पण पंपावरच्या माणसानं विचारलं असेल ना, काय भरू म्हणून?

बाबा : विचारलं.

लेक : आणि तुम्ही डिझेल सांगितलंत. पेट्रोलच्या गाडीत.

बाबा : अठ्ठावीस वर्षं अँब्युलन्स चालवली. जिभेला वळण तेच. चावी फिरवू नकोस, ठमे. आत गेलंय तेवढं पुरे. मेकॅनिक निघालाय.

लेक : या धुक्यात आपण त्याला दिसणार कसे?

बाबा : दिवे लुकलुकतायत. मागे दगडही लावून आलोय. बैस निवांत.

लेक : निवांत कशी बसू? धाकट्यानं मला तुमच्याबरोबर का पाठवलं, माहितेय तुम्हाला?

बाबा : माझ्यावर लक्ष ठेवायला. एक चूक दिसली की चाव्या काढून घ्यायच्या. तू फोन स्पीकरवर ठेवतेस.

लेक : मग बोलला का नाहीत?

बाबा : काय बोलायचं? सत्तरी उलटली. पोराला काळजी वाटते, राग नाही मला. फक्त मंगळवारचं वाईट वाटतं. शेजारच्या मास्तरीणबाईंना दवाखान्यात नेतो. मागे बसून वाटभर दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका काढत असतात. त्यांना आता कोण नेणार?

लेक : आज दोन तास किती छान चालवलीत. समोर चार हातांवरचं दिसत नव्हतं, तरी मला झोप लागली. तुमच्या शेजारी बसलं की अजून लागते.

बाबा : लहानपणची खोड ती.

लेक : स्वप्नसुद्धा पडलं. तुमची ती पांढरी गाडी पंपावर उभी. मी पुढच्या सीटवर, पाय खाली पोचत नाहीत. रविवार असावा. पेशंट नसला की टाकी भरायला न्यायचात ना आम्हाला. हवेत तोच वास. आणि मी खिडकीतून मान बाहेर काढून...

बाबा : थर्मासमध्ये चहा आहे अजून. घेतेस?

लेक : थांबा. मान बाहेर काढून म्हटलं, "डिझेल, फुल. आणि पटकन, कुणीतरी वाट बघतंय." तुम्हीच शिकवलं होतंत.

बाबा : शिकवलं होतं.

लेक : बाबा, पंपावर तुम्ही तोंड धुवायला गेला होतात. रुमाल अजून ओला आहे तुमचा.

बाबा : धुकं वाढलं बघ.

लेक : मग डिझेल कुणी सांगितलं?

बाबा : कशाला उकरतेस?

लेक : बाबा.

बाबा : तू. डोळे मिटलेलेच होते तुझे.

लेक : ऐकलंत तुम्ही? मग थांबवलं का नाहीत?

बाबा : तेच तर. नळावर होतो, तोंडावर पाणी. कानावर आलं, "डिझेल, फुल. आणि पटकन." आवाज मोठ्या बाईचा, पण सूर तोच. मला वाटलं, बरोबर आहे. गाडी पांढरी आहे, तू सात वर्षांची आहेस, आणि कुणीतरी वाट बघतंय. येऊन मुकाट्यानं गाडी काढली. चार-पाच किलोमीटरवर ती खोकायला लागली, तेव्हा कुठे जागा झालो.

लेक : म्हणजे दोघंही झोपेत.

बाबा : तू झोपेत. मी स्टिअरिंगवर होतो, मला ती सवलत नाही. म्हणून म्हटलं, मीच सांगितलं. घे या चाव्या. धाकट्याला दे.

लेक : मला रडू येतंय, बाबा. आणि बरंही वाटतंय, काय करू?

(काचेवर टकटक. धुक्यात पिवळा दिवा.)

मेकॅनिक : डिझेलवाले काका तुम्हीच ना? ती नळी आत बसली तरी कशी? हल्लीच्या गाड्यांत जात नाही.

बाबा : जुनी गाडी आहे. तोंड मोठं.

मेकॅनिक : आमच्या सासूबाईंसारखं. काळजी नको. टाकी रिकामी करू, प्लग साफ करू, संध्याकाळपर्यंत खोकला जाईल. लगेच बाजूला घेऊन बंद केलीत, तिथेच वाचली. ताई, फोन वाजतोय तुमचा.

लेक : बोल रे. हो, बंद पडली. डिझेल भरलं गेलं... नाही, त्यांनी नाही. मी सांगितलं, झोपेत. "डिझेल, फुल" म्हणून... हो, तसंच, अगदी तसंच. त्यांनी ऐकलं, आणि त्यांनाही ते खरं वाटलं. तू असतास तर तुलाही वाटलं असतं. मागच्या सीटवरून तूही ओरडायचास... ऐकतोयस ना?... बरं. विचारते. ठेव.

बाबा : काय म्हणाला?

लेक : म्हणाला, "आणि पटकन" म्हणालीस का?

बाबा : एवढंच?

लेक : नंतर म्हणाला, मंगळवारी मास्तरीणबाईंना किती वाजता न्यायचं असतं, विचार. चाव्या बाबांकडेच राहू देत, त्या दिवशी त्यांना दुसरं काम सांगणार नाही.

मेकॅनिक : दोर बांधलाय, टोचन लावून नेतो. पण स्टिअरिंगवर कुणीतरी सवयीचं माणूस हवं. इंजिन बंद, ब्रेक जड लागेल, आणि धुकं हे असं.

लेक : बाबा बसतील. घ्या बाबा, चाव्या.

बाबा : काच पुसून घे जरा.

लेक : पुसली.

बाबा : पट्टा लावलास? मग झोप आता, ठमे. पोचलो की उठवतो.