हातांना लागलेली सवय

मुलगी : सांगते काय बाबा, तुमची नवी रायफल आमच्या पलटणीत सरावापुरती आलीय ना, तिचा ट्रिगर दाबला आणि नुसतं 'टक्' झालं. गोळी सुटलीच नाही.

बाबा : मॅगझिन नीट बसवलं नसशील.

मुलगी : आमचे उस्तादही हेच म्हणाले, सगळ्या पलटणीसमोर. "बापाने रायफल बनवली आणि लेकीला भरता येईना!"

आई : घरी मी बोलते ते तुला लागत नाही, त्यांचं तरी लागू दे.

मुलगी : आई, हसू नकोस गं. पुन्हा असं झालं तर मला भांडारात बसवतील, बूट मोजत.

बाबा : ठमे, इकडे बस. आमच्या चाचणीवाल्या जवानांनी चार वर्षं ही रायफल चिखलात लोळवली, पाण्यात बुडवली. एकदाही असं झालं नाही. म्हणजे चूक हातात असणार, आणि हातातली चूक सुधारता येते. ही माझी डावी मूठ म्हणजे रायफल. हा चष्म्याचा डबा म्हणजे मॅगझिन. भर बघू.

मुलगी : हे असं आत, मग वर. 'खट्' आवाज आला की झालं. माहितीपुस्तिकेत तेवढंच आहे.

बाबा : बरोबर आहे की. पुस्तिका मीच लिहिलीय. थांब, आता मी करतो. आत, वर, खट्. तू केलंस तेच.

आई : तेच नाही काही. तुम्ही शेवटी खालून तळहाताने ठोकलंत.

बाबा : मी? छे!

मुलगी : ठोकलंत बाबा. परत करा.

(बाबा पुन्हा करतात.)

आई : हे बघा, आत्ताही!

बाबा : अरेच्चा... आम्ही चाचणीवाले सगळेच ठोकतो गं. एकूण एक. कोणी शिकवलं नव्हतं, हाताला आपोआप लागलं.

मुलगी : आणि न ठोकता?

बाबा : आवाज येत असेल, पण मॅगझिन केसभर खालीच राहत असणार. मग गोळी नळीत जाणार कशी? चार वर्षं चाचणीला माणसं तीच, हात तेच. नव्या हातात आम्ही ती कधी दिलीच नाही.

आई : मग पुस्तिकेत एक ओळ वाढवा ना. सोमवारी सही होऊन रायफल सगळ्या सैन्यात जाणार, महिनाअखेर तुम्ही निवृत्त. आता कशाला खोडा?

बाबा : ठमे, तूच सांग. समोरून गोळ्या येतायत, मॅगझिन बदलायचंय. आठवेल ती ओळ?

मुलगी : माझं नाव आठवलं तरी पुष्कळ.

आई : अहो, पण सही थांबली की वर्ष गेलं. तोवर तुमच्या खुर्चीत दुसराच कोणी असेल. सगळं आयुष्य घातलंत तुम्ही ह्या रायफलीत.

बाबा : असेल. चांगला मुलगा असेल, करेल नीट. फोन दे जरा. ...हॅलो, साहेब? सोमवारची सही थांबवायला हवी. ...नाही, पुस्तिकेवर भागणार नाही, मॅगझिन धरणारी खीळच बदलावी लागेल. ...हो, चूक माझ्याच ड्रॉइंगमध्ये आहे. उद्या लेखी देतो.

मुलगी : बाबा... पलटणीत सांगू का सगळ्यांना, की तोवर ठोकत जा?

बाबा : सांग. तू मात्र ते शिकू नकोस. नवी खीळ बसली की पहिल्यांदा तूच भरायची आहेस, न ठोकता.