माजी सदस्य

क्षमा : पण काका, प्रेमाताई काल दुपारी ऑनलाइन होत्या. मी स्वतः बघितलं.

राजाराम : तो मी होतो, ताई. तिचा फोन मी चार्ज करून ठेवतो. प्रेमा वारली. दोन वर्षं झाली.

क्षमा : बसा. आधी बसा तुम्ही. मला काही कळलंच नाही हो. आमच्यापैकी कुणालाच नाही.

राजाराम : कुठून कळणार? तुमच्या कुंडीकट्ट्यावरची माणसं मला ठाऊक नव्हती. मला एवढंच ठाऊक, की जेवणं झाली की ही फोन घेऊन खिडकीशी बसायची. मी म्हणायचो, गो, त्या फोनात काय आसा? म्हणायची, झाडां.

क्षमा : माझा पत्ता कसा मिळाला?

राजाराम : तिच्या खणात पाकीट होतं. तुम्ही गोकर्णाचं बी पाठवलेलं. मागे तुमचं नाव, मुलुंडचा पत्ता. चारकोपहून बस बदलत आलो. म्हटलं, ऑफिस असेल.

क्षमा : ऑफिस कसलं. मी, देवव्रत आणि ऋता, तिघं नोकऱ्या सांभाळून हा झाडांचा फोरम चालवतो.

राजाराम : मग ही पत्रं कुणी पाठवली? तिच्या फोनवर तीन मेल आलेत. पहिल्यात, बरेच दिवस आपण काही लिहिलं नाहीत, कट्टा सुना वाटतो. दुसऱ्यात, खातं निष्क्रिय आहे. तिसऱ्यात, येत्या तीस तारखेला खातं काढून टाकण्यात येईल. मी तिन्हींना उत्तर दिलं. सौ. प्रेमा राजाराम परब यांचं निधन झालं आहे, कृपया नोंद घ्यावी.

क्षमा : त्या मेल आपोआप जातात, काका. दीड वर्ष कुणी काही लिहिलं नाही की जातात. त्यांना दिलेलं उत्तर कुणाकडेच पोचत नाही.

राजाराम : खाली लिहिलंय, आपला कुंडीकट्टा परिवार. मला वाटलं, परिवार आहे तर कुणीतरी फोन करेल. पहिल्या पत्रानंतर महिनाभर वाट बघितली.

क्षमा : चुकलंच आमचं.

राजाराम : ते जाऊ दे. आज सव्वीस तारीख. तिने लिहिलेलं सगळं पुसलं जाणार, म्हणून मी ते उतरवून घेतोय. ही बघा, तिसरी वही. रोज दुपारी बसतो.

क्षमा : हाताने? सगळं?

राजाराम : चारशे बारा झाली. नव्वदेक राहिलीत. आमची श्रुतिका म्हणाली, बाबा, मी फोटो काढून देते. पण फोटो काढले की माणूस वाचत नाही. डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही मला, त्यामुळे वेग नाही. चार दिवसांत होणार नाही. महिनाभर मुदत द्या, एवढंच मागायला आलोय.

क्षमा : म्हणजे रोज दुपारी तो हिरवा ठिपका तुमचा. काका, काय सांगू तुम्हाला. प्रेमाताईंच्या नावापुढे ठिपका दिसायचा आणि त्या काही बोलायच्या नाहीत. सगळ्यांना वाटलं, रुसल्या. बोरिवलीची नीलम आहे ना, ती म्हणते, मी त्यांच्या जास्वंदीला नावं ठेवली होती, तेच मनात धरलंय त्यांनी. तिने तीनदा माफी मागितली.

राजाराम : वाचलंय मी. दुसऱ्याला आलेलं पत्र, आपण कसं उत्तर द्यायचं? आणि रुसण्याचं म्हणाल तर प्रेमा रुसायची ती दहा मिनिटं. अकरावं मिनिट मी कधी बघितलं नाही.

क्षमा : वही बघू? किती सुवाच्य लिहिलंय. हे मला आठवतंय.

राजाराम : ते पान सोडा.

क्षमा : "आमचे हे रोज सकाळी उरलेला चहा कढीपत्त्याच्या कुंडीत ओततात. त्यांना वाटतं खत. नको म्हटलं तर चेहरा पडेल. कढीपत्ता वाचवायचा आहे आणि नवराही दुखवायचा नाही. उपाय सुचवा." एकोणतीस उत्तरं आली होती ह्याला.

राजाराम : त्यातलं तुमचं वाचा की. कढीपत्ता मागे सरकवा, पुढे अडुळसा ठेवा. एका सकाळी तिथे अडुळसा कुठून आला, ते मला आता एकाहत्तराव्या वर्षी कळलं. चार वर्षं मी अडुळशाला चहा पाजला, ताई. वर, बघ कसा वाढलाय, म्हणून तिच्याकडून कौतुक करून घेतलं.

क्षमा : काका, एक सांगू? तुम्हाला वह्या लिहायची गरज नव्हती. खातं काढलं तरी लिखाण पुसलं जात नाही. प्रश्न, उत्तरं, सगळं तिथेच राहतं.

राजाराम : मग पत्रात तसं का नाही लिहिलं?

क्षमा : नियमांच्या पानावर आहे. सातवा मुद्दा.

राजाराम : सातव्या मुद्द्यापर्यंत कोण जातो? पत्रात आहे, खाते व त्यासंबंधीची माहिती कायमची काढून टाकण्यात येईल. त्यावर मी तीन वह्या भरल्या. बरं, राहतं ना? मग झालं. निघतो मी.

क्षमा : थांबा. लिखाण राहतं, पण नाव जातं. नावाच्या जागी "माजी सदस्य" येतं.

राजाराम : सगळीकडे?

क्षमा : पाचशेच्या पाचशे ठिकाणी.

राजाराम : मग उलटं करा. लिखाण माझ्याकडे वहीत आलंय, ते पुसलंत तरी चालेल. नाव ठेवा. बिल्डिंगमध्ये ती परबवहिनी होती. शाळेत श्रुतिकाची आई. गावात धाकूची सून. प्रेमाताई फक्त तुमच्याकडे होती.

(क्षमा आत जाऊन फोनवर बोलते, बऱ्याच वेळाने परत येते.)

क्षमा : देवव्रतचं म्हणणं, एकाला सूट दिली की सगळे मागतात. ऋताने त्याला चांगलं सुनावलं. आता ठरलंय ते असं. मेल बदलायची. लिखाण राहतं आणि नाव जातं, हे पहिल्या ओळीत सांगायचं. खाली माझा नंबर. आणि माणूस गेलं असं घरच्यांनी कळवलं, तर नाव काढायचं नाही. फक्त तसं त्याच खात्यातून कुणीतरी लिहायला हवं. मग मी ते खातं कायमचं बंद करते. नाव राहील, पण पुढे कुणालाच त्यातून लिहिता येणार नाही. उघडताही येणार नाही.

राजाराम : मलासुद्धा?

क्षमा : तुम्हालासुद्धा. मी लिहू का?

राजाराम : नको. मी लिहितो. तिचा फोन आणलाय बरोबर. तो चष्मा द्या इकडे. आधी नीलमताईंना लिहितो, त्या बाईच्या जिवाला उगाच घोर. "नीलमताई, प्रेमा रुसलेली नाही. ती दोन वर्षांपूर्वी वारली. रोज दुपारी मी तिचं लिहिलेलं वाचत होतो. राजाराम परब, तिचा नवरा." बरोबर आहे?

क्षमा : बरोबर आहे.

राजाराम : कुठे दाबायचं?

क्षमा : इथे. सावकाश, घाई नाही.

राजाराम : गेलं?

क्षमा : गेलं. थांबा, नीलमचं आलंसुद्धा. रडू थांबत नाही म्हणते. आणि विचारतेय, काका, त्यांच्या कुंड्या आहेत का अजून? कोण बघतं?

राजाराम : उत्तर देऊ?

क्षमा : ह्यातून आता नको. तुमचं खातं काढू, तुमच्या फोनवर. द्या. नाव, राजाराम परब. राहणार चारकोप. बागकामाचा अनुभव किती वर्षांचा? ते भरावं लागतं.

राजाराम : दोन वर्षं. लिहा, नुसतं पाणी घालतो.