सापळ्यांची फांदी

— हसू नकोस, भाचीबाई! मावशी अडाणी असेल, आंधळी नाही. बस त्या स्टुलावर आणि बघ या पडद्यावर, तुझ्याच कंपनीचा खेळ आहे, ओळखीचा असेल. हा वेशीवरचा राक्षस. याला तीन वर्षं मी तलवार न लावता पाडत आलेय — दोरीचा फास, त्यावर तेल, मग लांबून एक ठिणगी — की हा धडपडत कड्यावरून खाली! कुणी शिकवलं? कुणी नाही. तुमचं ते खेळातलं कौशल्यांचं झाड, एक डाव शिकला की पुढचा उघडतो ते — त्याची एकेक फांदी चाचपत मीच शोधलं. शेजारीण भाल्यानं लढायची, तिचा जावई नुसत्या ढालीनं — राक्षस एक, लढाया तीन! आणि आता? नवी आवृत्ती आली आणि सापळ्यांची फांदी गेली कुठे? आहे म्हणतेस — कुठे आहे? तलवारीच्या आठ पायऱ्या चढल्यावर! आणि त्या पायऱ्यांवर मिळतं काय, तर पाच टक्के जास्त मार, मग आणखी पाच टक्के — याला कौशल्य म्हणतात होय? हात तोच, आकडा तेवढा फुगला. आता सगळे एकाच तालावर — उडी, घाव, उडी, घाव. शेजारणीनं तर कंटाळून खेळणंच सोडलं.

खेळाचा समतोल साधला, म्हणे! कुणाचा समतोल? — वर बघ जरा. गेल्या खेपेला इथंच बसली होतीस, माझ्या खांद्यावरून वाकून, ‘मावशी, पुन्हा दाखव ना’ करत. मला वाटलं, पोरीला कौतुक आहे. तीनदा दाखवलं मी, फास नेमका कुठे टाकायचा तेसुद्धा — शेजारणीलाही सांगितलं नव्हतं ते! आणि ही तुझी वही, सोफ्यावर विसरून गेलीस ती — वाचली, हो, वाचली मी! काय लिहिलंयस? ‘ही पळवाट बुजवायची.’ पळवाट! अगं, माझी लढाई होती ती.

तलवार शिकू? एका दमात सहा वेळा बटण दाबायचं — ही बोटं दाबतील? तीन वर्षं झाली, सकाळी साधी गुंडी लागत नाही मला, सापळा निदान सावकाश लावता यायचा, म्हणून तर —

काही नाही. काही बोलले नाही मी. हात सोड. आईला सांगायचं नाही तुझ्या, ऐकतेस? आणि डोळे पूस, नाटकं नकोत मला. ऊठ, वही घे, चप्पल घाल, दार ओढून घे. अंहं, पडद्याला हात लावू नकोस — खेळ बंद करायचं बटण एकदाच दाबावं लागतं. तेवढं जमतं मला.