उस्तादांच्या हाताचं ग्रीस

— न्हाय, न्हाय, हिंदुरावमामा, उस्तादांना उठवू नका. त्यांनी उठायची गरज न्हाय. तेलाचा लाल दिवा लागलाय ना गाडीचा, विझत न्हाय म्हणताय ना? मग बॉनेट उघडा आणि उजेड सोडून उभं ऱ्हावा. असं बघू नका हो माझ्याकडं. बाईच्या हातात पाना बघितला न्हाय का कधी? आता बघा. उस्ताद शेखलालची लेक हाय मी, जमीला. चार वर्सं झाली, तुमी डॉक्टरांची ही फियाट घेऊन माळशिरसास्नं विजापूर वेशीत आमच्या गॅरेजात येताय, दारातल्या खुर्चीत बसलेल्या अब्बांना सलाम करताय, गाडी सोडून जेवायला जाताय, आणि परत येताय तवर गाडी तयार. व्हय की न्हाय? कोण करतं ती तयार, कधी इचारलंत? आज तुमी जागचं हलत न्हाय, म्हणताय ‘माझ्या डोळ्यांदेखत उघडा’. मग घ्या, डोळ्यांदेखत.

— काय म्हणाला तो स्टेशनकडचा गॅरेजवाला? इंजिन उतरवायचं? आणि डॉक्टर काय म्हणाले? ‘बिनतेलाची गाडी हाणलीस, इंजिन गेलं तर तू पण गेलास’. तरीच तोंड असं उतरलंय. नोकरीवर आलंय म्हणा की. बरं, घाबरू नका. गाडी सुरू करा. करा की — दिवा लागू दे, लागला तर लागला. हां. आता गप ऱ्हावा जरा... ऐकलंत? तिकडं दारात, खुर्चीच्या हातावर अब्बांनी पाना आपटला. एकदा आपटला म्हंजे इंजिन ठीक हाय, दोनदा आपटला म्हंजे खोलायचं. तेल नसतं तर वरनं टकटक आली असती, आणि ती टकटक अब्बांना रस्त्याच्या पलीकडनं कळती. नुसता कान लावतात, बघायला लागत न्हाय — म्हंजे बघू शकतात, तसं न्हाय, पण कशाला बघायचं, कानावर भागतंय तर. बंद करा गाडी.

आता ही तेलाची काडी. बघा, ओढली, पुसली, परत घातली, काढली. तेल कुटवर हाय? वरच्या खुणेला. डोळ्यांदेखत म्हणाला हुतासा, म्हणून दाखवते. आता ही बारकी वायर. हितं इंजिनाच्या अंगाला एक बटण हाय, तेलाचा जोर कमी झाला की ते बटण दिवा लावतं. मी बटणावरनं वायर काढली, बघा, हातात हाय माझ्या. नुसती किल्ली फिरवा, इंजिन नको. दिवा विझला? न्हाय ना? वायर बटणाला लागलेलीच न्हाय, तरी हा पेटलेला. म्हंजे खोटं बोलतोय. दिवा तेल बघत न्हाय मामा, दिवा वायर बघतो. वायर मधी कुटंतरी उघडी पडून लोखंडाला टेकली की झालं, हा पेटला. आणि तो स्टेशनकडचा शहाणा इंजिन उतरवाय निघाला हुता.

कुटं टेकली ते बघू. हितं न्हाय. हितं न्हाय. हे खाली काय हाय — हे काय हाय मामा? झेंडू हाय का हा? सुकलेला झेंडू, आणि दोरा. खंडेनवमीला पूजा केलीत गाडीची, व्हय ना? हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि इंजिनाला हार घातला. मागनं फिरवून घट गाठ मारली. त्या गाठीत ही वायर आवळलीय. चार दिवस गाडी हलली, वायर लोखंडावर घासली, वरचं रबर गेलं. बघा, तांब्याची तार उघडी पडलीय, चिमटीएवढी. झालं एवढंच. — हसत न्हाय मी. देवाधर्माला कोण हसतंय? आमच्यात बी नव्या पान्याला पयला ऊदाचा धूर दाखवतात. पण दोरा बांधायचा तर म्होरच्या मोठ्या दिव्याला बांधा, स्टेअरिंगला बांधा, वायरीला कशाला?

टेप गुंडाळते. दोन वेढे पुरे. आता वायर बटणाला जोडली. करा सुरू... विझला? विझणारच. बंद करा आता.

— काय म्हणालात? हळू बोलू नका, सरळ बोला. ‘तू हाराचं डॉक्टरांना सांगू नकोस, मी तुझं कुणाला सांगणार न्हाय.’ माझं काय सांगणार न्हाय? पोरगी गाडी करती हे? का उस्तादांना दिसत न्हाय हे? — व्हय, कळलंच तुमाला. मघाशी तुमी त्यांच्याम्होरं चहाचा कप धरला आणि त्यांनी शेजारी हात घातला, मी बघितलं, तुमी बी बघितलं. दिसत न्हाय. थोडं बी न्हाय. बॅटरी फुटली, तेजाब डोळ्यांत गेलं. ‘माझाच हात घसरला, पण डोळे वाचले’, सगळ्यांना सांगतात, तुमाला बी सांगितलं असंल. आणि त्यांचे हात काळे बघून तुमी समजलासा, उस्ताद आत्ताच गाडीखालनं आले. ते हात मी काळे करते. रोज सकाळी. खुर्चीत बसवलं की डब्यातलं ग्रीस घेते आणि त्यांच्या बोटांना लावते, नखांत घालते, आणि माझे हात धुण्याच्या सोड्यानं धुते गिऱ्हाईक यायच्या आत. का तर लोकांना काळे हात उस्तादांचे पायजेत, माझे नकोत. ते बी लहान पोरागत हात म्होरं करतात.

आणि हात त्यांचा घसरला न्हाय. दुष्काळाचं साल हुतं, ट्रकची बॅटरी चार्जिंगला लावलेली, अब्बा वाकून पाणी बघत हुते. म्हणाले, जमीला, पाना दे. मला मैत्रिणीकडं मेंदी लावायला जायाचं हुतं, पोरी दारात थांबल्या हुत्या, मी दिला न्हाय, फेकला. तो बॅटरीवर आडवा पडला, तिच्या दोन्ही टोकांना एकदम टेकला, ठिणगी उडाली आणि — सतरा वर्सांची हुते मी. सतरा म्हंजे काय लहान न्हवते. चार वर्सं ते म्हणतात माझा हात, आणि मी ऐकून घेते. माझा हात हुता तो. माझा...

काय बोलून गेले मी. हे तोंडातनं कधी निघालं न्हवतं. आणि ते बसल्यात दारात, दहा पावलांवर, रस्त्यापलीकडची टकटक ऐकणारा माणूस.

— थांबा मामा. बोलू नका जरा.

...वाजला की न्हाय पाना? तुमी बी ऐकलंत ना? इंजिन तर बंद हाय. कितीदा वाजला? एकदाच? — नीट आठवा. एकदाच ना?

बरं. एकदाच.

बॉनेट लावा. जोरात न्हाय, दाबून लावा. आणि ऐका. हाराचं मी कुणाला सांगणार न्हाय, दोरा चुलीत घालते, तुमची नोकरी जागेवर ऱ्हाईल. पण ही तुमची अदलाबदल मला नको. माझं झाकू नका. डॉक्टरांनी इचारलं, कुणी काढला दोष, तर उस्तादांनी म्हणू नका, जमीलानं काढला म्हणा. पुढच्या खेपेला त्यांना गाडी पाठवायची असंल तर पाठवतील, नसंल तर स्टेशनकडं जातील, उतरवू देत इंजिन. माळशिरसात सांगा, वेशीतल्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगा. ह्या गॅरेजात पाना माझा चालतो.

निघा आता. मला सोडा कालवायचाय. अब्बांचे हात धुवायचेत.