सातवी पास सून

(सन १९९३. घोटीच्या पलीकडच्या एका गावातली प्राथमिक शाळा नुकतीच सुटली आहे. वर्गात शिक्षिका ज्योत्स्नाबाई आणि गावातली एक सून, चंद्रभागा.)

ज्योत्स्ना: म्हणजे दहावीला बसायचं नाही म्हणता? अहो, तुमचे यजमान स्वतः बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म ठेवून गेलेत. अंगणवाडीची जागा निघणार आहे, बायको दहावी झाली की ताई होईल, म्हणाले. केवढी हौस आहे सुनीलभाऊंना!

चंद्रभागा: बसायचं नाय आसं कुठं म्हणले, बाई. पण दहावी लय पुढं हाय. मधी जरा उजळणी नको का?

ज्योत्स्ना: आठवी-नववीची उजळणी मी घेते की.

चंद्रभागा: त्याच्या आधीची.

ज्योत्स्ना: सातवीची?

चंद्रभागा: आणखी थोडं मागं. तो संध्याकाळचा साक्षरतेचा वर्ग हाय ना तुमचा, त्यात बसले तर?

ज्योत्स्ना: त्यात तुम्ही बसणारच आहात. खुर्चीवर! तुमच्या गल्लीतल्या दहा बायकांना तुम्ही शिकवायचं. स्वयंसेविका म्हणून तुमचं नाव तालुक्याला गेलंसुद्धा.

चंद्रभागा: आरं देवा. कुणी दिलं?

ज्योत्स्ना: सुनीलभाऊंनीच. गल्लीत सातवी पास सून एकच, म्हणाले.

चंद्रभागा: खुर्ची ऱ्हाऊ द्या. मी खाली चटईवर बसते.

ज्योत्स्ना: चटईवर बसून शिकवा, माझं काही म्हणणं नाही. दाखला तेवढा आणा, फॉर्मला जोडायचाय.

चंद्रभागा: त्यो उंदरांनी खाल्ला.

ज्योत्स्ना: सुनीलभाऊ तर म्हणाले पुरात गेला.

चंद्रभागा: आधी उंदरांनी खाल्ला. मग उरलेला पुरात गेला.

ज्योत्स्ना: चंद्रभागाबाई, इकडं बघा. फळ्यावर काय लिहिलंय?

चंद्रभागा: सुविचार.

ज्योत्स्ना: कोणता?

चंद्रभागा: चांगलाच आसंल. वाईट कशाला लिवतील?

ज्योत्स्ना: उद्या लसीकरण आहे, लहान मुलांना घेऊन या, असं लिहिलंय.

चंद्रभागा: मंग चांगलंच हाय की.

ज्योत्स्ना: शाळेत किती दिवस गेलात? खरं सांगा.

चंद्रभागा: पहिलीत चार म्हयने. मंग धाकटा भाऊ झाला, त्याला सांभाळायला घरी ऱ्हायले.

ज्योत्स्ना: आणि सातवी पास?

चंद्रभागा: त्ये मामानं बैठकीत सांगितलं. ह्यांच्याकडच्यांनी इचारलं, पोरगी किती शिकली? मामा म्हणला, सातवी. आधी पाचवी म्हणणार व्हता, पण समोर सुपारी फुटायला आली व्हती, तवा दोन इयत्ता वाढिवल्या.

ज्योत्स्ना: पण सही करता तुम्ही! बचत गटाच्या कागदावर मी पाहिलीय.

चंद्रभागा: लग्नाआधी म्हयनाभर भावानं गिरवून घेतली. सासरचं नाव, आडनाव, समदं. हात आपोआप फिरतो. त्यात 'च' कुठला आन् 'भ' कुठला, मला नाय ठावं.

ज्योत्स्ना: लग्नाला चौदा वर्षं झाली, कुणालाच कळलं नाही?

चंद्रभागा: ह्यांना कामातून सवड कुठं! पेपर आला की मी चित्रं बघून दोन शब्द टाकते. रडू येतं हो बाई कधीकधी. पोरगी तिसरीत हाय, वही घिऊन येते, आई बघ म्हणते. मी म्हणते, अक्षर सुधार. मला खरंच शिकायचंय. पण तुमच्या चटईवर बसले की समद्या गावाला कळंल. ह्ये चारचौघांत सांगतात, माझी बायको शिकलेली हाय. त्यांचं तोंड कसं बघू? आन् सासूला, आत्याबाईंना काय सांगू?

विठाबाई: (दारातून) कायबी सांगू नको. बाई, येऊ का आत?

चंद्रभागा: आत्याबाई! तुम्ही कवा आलात?

विठाबाई: उंदरांनी खाल्ला तवाच. बाई, माझं नाव घाला तुमच्या वर्गात.

ज्योत्स्ना: विठाबाई, तुमचं कसं घालू? आमच्या यादीत पस्तीस वयापर्यंतचेच घेतात. तुम्ही साठीच्या पुढं.

विठाबाई: हिची सातवी लिवली, तवा बघून लिवली व्हती का?

ज्योत्स्ना: नाही. घरच्यांनी सांगितलं तसं लिहिलं.

विठाबाई: मंग माझं वय बी मी सांगते तसं लिवा. पस्तीस.

ज्योत्स्ना: अहो, तुमचा मुलगाच पस्तिशीचा आहे!

विठाबाई: त्याचं इचारलंय का तुमच्या कागदात? लिवा. मला दिसत नाय, म्हणून ही माझ्याशेजारी बसंल. पाटीवर हिनं लिवायचं, मी म्हणायचं. कुणी इचारलं तर सासूला शिकवती म्हणायचं. खोटं बी नाय त्ये.

चंद्रभागा: आत्याबाई, म्हणजे तुम्हाला माहीत व्हतं?

विठाबाई: आठ वर्षं झाली. लासलगावहून माझ्या भावाचं पत्र आलं, तू वाचलं, भाऊबीजेला ये, लुगडं घिऊन ठेवलंय. मी गेले. भाऊ दारातच म्हणला, आलीस का अंगठा द्यायला? तीन पत्रं टाकली, जमिनीच्या हक्कसोडीसाठी. लुगड्याचं कुणी नावच घेईना.

चंद्रभागा: मी... मला वाटलं, भाऊ भणीला आणखी काय लिवणार?

विठाबाई: मी म्हणलं, माझी सून सातवी पास हाय. ती कागद वाचंल, मंगच अंगठा. भावानं कागद परत ठिवला. तवापासून नुसती पत्रं टाकतो. तुझ्या सातवीनं माझी जमीन ऱ्हायली, मी कशाला बोलू?

ज्योत्स्ना: मग आता शिकायची घाई कशाला?

विठाबाई: दिवाळीला भाऊ कागद घिऊन येणार हाय म्हणं, वकिलासंगट. वकिलापुढं चित्रं बघून भागायचं नाय.

ज्योत्स्ना: आणि हा दहावीचा फॉर्म? सुनीलभाऊंना काय सांगू?

विठाबाई: कपाटात ठिवा. पाच-सहा वर्षांनी लागंल. त्याला मी सांगते, आधी सासू साक्षर झाली पाहिजे. आईपुढं नाय बोलायचा त्यो.

ज्योत्स्ना: आणि खुर्चीवर कोण बसणार?

विठाबाई: तुम्ही. पगार तुम्हालाच हाय ना?

ज्योत्स्ना: बरं बाई, घालते नाव. वय पस्तीस. तालुक्याच्या साहेबांनी हजेरीला बघितलं तर मात्र डोक्यावर पदर नीट घ्या.

विठाबाई: घेते. आन् चंद्रे, ह्ये कालचं पत्र. वाच.

चंद्रभागा: आता कशी वाचू, आत्याबाई? तुम्हाला तर समदं ठावं हाय.

विठाबाई: ठावं हाय म्हणूनच सांगते. वाच.

चंद्रभागा: तीर्थरूप ताईस साष्टांग नमस्कार. इकडं समदी खुशाल हायेत. कांदा बरा आला. तुझे गुडघे कसे हायेत? औंदा भाऊबीजेला नक्की ये, तुझ्याशिवाय सण गोड लागत नाय.

विठाबाई: गुडघ्याचं बी इचारलं?

चंद्रभागा: हां. दोनदा.

ज्योत्स्ना: विठाबाई, मला दिसतंय हो इथून. त्यात तर लिहिलंय की...

विठाबाई: तुम्ही वाचू नका, बाई. ही शिकंल तवा हीच वाचंल. तवर माझा भाऊ चांगला हाय.