शेजारच्या दाराचा भोंगा

वसमतच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर दोघं बसले होते. एक म्हातारा आणि त्याच्या शेजारघरचा साजीद. साजीदची आई कालपासून शुद्धीवर नव्हती.

“मसाजीकाका, चोरासाठी बसवलेल्या भोंग्याची वायर तुमी काहून कापली?”

“काहून म्हंजे? माझ्या शेळ्यांनी तुझ्या दाराला अंग घासलं की लागला तो बोंबलायला! रोजची तकलीफ. लेकरू दचकून उठतं. तुला काय, तू पुण्यात.”

“मला फोन करायचा.”

“केला की! तू म्हणला, शेळ्या बांधून ठेवा.”

“काल भोंगा वाजला तवा तुमी दारापाशी गेलते?”

“कशाला जाऊ? भोंगा माझ्याच बाजूच्या भिंतीवर हाये. शिडी लावली, वायर कापली, खाली उतरलो. खतीजाबी आतून वरडली बी.”

“अम्मी काय वरडली?”

“मला वाटलं, वायर कापली म्हणून शिव्या देऊन राहिली.”

“काका, अम्मीच्या कानातलं सोनं न्हाई. कपाट उघडं हाये.”

“…मला सकाळी म्हणले, नुसती पडली.”

“भोंगा कव्हा वाजला?”

“दुपारी. जेवून पडलो होतो.”

“आन् दारात शेळ्या होत्या?”

“शेळ्याच असणार. दुसरं कोण येतंय तिथं?”

“तुमी पाह्यल्या?”

“आवाज आला की शेळ्याच असतात, साजीद.”

“काका, काल दुपारी शेळ्या कुठं होत्या?”

“शेळ्या?”

“व्हय.”

“शेळ्या… सकाळीच आमच्या चांगुणानं रानात नेल्या होत्या.”