पाणी घालू नका

वहिनी, आणि जमलेल्या सगळ्यांनो, मला बोलता येत नाही. आज तर नाहीच. मला करता येतं, म्हणून केलेलंच सांगतो. गच्चीवरच्या शहाण्णव सिमेंटच्या कुंड्या मी ओतल्या, तुपाच्या डब्यांचे साचे करून. प्रत्येकीच्या तळाला तीन भोकं, अर्ध्या इंचाची. भंगारातल्या अँगलच्या चार मांडण्या. पावसाळ्यासाठी प्लॅस्टिकचं छप्पर, गुंडाळता येणारं. कुणाकडे शिकलो नाही. आणि त्या कुंड्यांत झाडं लावली नानांनी.

नाना म्हणायचे, "अरे विष्णू, तुझी कुंडी रिकामीच उचलवत नाही, भरल्यावर काय क्रेन आणू?" पण दुसऱ्या कुणाची कुंडी त्यांनी कधी घेतली नाही.

आपल्या डोंबिवलीत नळ पाऊण तास. तुळशीला तांब्याभर घालताना हात आखडतो. मग गच्चीवर निवडुंगच का, हे नानांनी येईल त्याला समजावलं. ही झाडं पानात, खोडात पाणी साठवून बसतात. "महिनाभर गावाला जा, परत ये. हे झाड रुसत नाही." मातीत खराट्याचा हीर खुपसून दाखवायचे. हिराला माती चिकटली? मग पाणी नाही. कोरडा निघाला? मग वाटीभर. बस.

आता जे बोलायला उभा राहिलो, ते बोलतो.

नाना अठरा दिवस हॉस्पिटलात होते. वहिनी तिकडेच. त्यातले सोळा दिवस झाडांना रोज पाणी पडलं. नाना घरी आले तेव्हा एकेचाळीस झाडं सडली होती. बोट लावलं की बोट आत. पुढे नऊ दिवसांनी नाना गेले. तेव्हापासून आपल्या जिन्यात एकच वाक्य फिरतंय. पाणी घालून झाडं मारली, त्याचीच नानांनी हाय खाल्ली.

पाणी मीनाताईंनी घातलं. तिसऱ्या मजल्यावरच्या. त्या बघा, दाराशी बसल्यात. आत या, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. मीही नाही म्हटलं.

कुठलं पाणी घातलं त्यांनी? स्वतःच्या घरचं. भर मे महिन्यात, घरात पाच माणसं असताना, हंडा कमरेवर घेऊन वर चढल्या. शेजारी आजारी पडला की त्याचं दूध घ्यायचं, त्याच्या झाडांना पाणी घालायचं. आपण सगळे हेच करतो ना? त्यांनी तेच केलं.

घालू नका, हे त्यांना कुणी सांगायचं होतं? मी. ॲडमिट केलं त्याच संध्याकाळी नाना मला म्हणाले, "विष्णू, गच्चीवर पाटी लाव. पाणी घालू नका. लोक मायेनं घालतील रे."

मी पाटी करायला घेतली. पत्रा कापला. पॉलिश पेपरने घासला. प्रायमर. दोन हात पांढरा रंग. अक्षरं दोन इंची, आखून. वाकडी वाटली, खरवडली, पुन्हा काढली. या झाडांकडे रोज बघावं लागत नाही, म्हणून वरही गेलो नाही. पाटी लागली सतराव्या दिवशी. सतराव्या, मंडळी! खडूने भिंतीवर लिहायला किती लागतं? तोंडाने सांगायला किती लागतं?

डॉक्टरांनी घरी सोडतानाच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हृदय निम्मंच चालतंय. झाडांनी नानांना नेलं नाही. आणि झाडांबद्दल नावं ठेवायची असतील, तर मला ठेवा. आत्ता, इथे, तोंडावर.

नानांना मी हे सगळं सांगितलं होतं. वाटलं, ओरडतील. पाटीकडे बघून म्हणाले, "अक्षर मात्र झकास आलंय." मग म्हणाले, "मीनाला कुणी बोललं तर मला चालणार नाही. तो सोनेरी काट्यांचा गोल निवडुंग वाचलाय ना? तो तिला द्यायचा. माझ्याकडून राहिलं तर तू दे."

मीनाताई, पुढे या. वहिनींच्या शेजारी जागा आहे. कुंडी मी खाली आणून ठेवलीये.

आता नानांसाठी आपण दोन मिनिटं शांत उभे राहू. त्याआधी एवढंच. वाचलंय त्यातलं काहीतरी गळ्यात मारलं, असं उद्या जिन्यात ऐकू यायला नको. नाना जायच्या चार दिवस आधी माजिवड्याचा एक नर्सरीवाला घरी आला होता. हाच निवडुंग मागत होता. नाना म्हणाले, तो दिलाय. नर्सरीवाला रोख देत होता साडेतीन हजार रुपये.